बोलका वाटाड्या

वाटाड्या हा शब्द आज आपल्या बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. अनोळखी मुलखातून जाणाऱ्याच्या पुढे चालावे, फाटा आला की हात करावा, नदीला उतार कोठे आहे ते सांगावे आणि आपली शीव आली की मागे फिरावे, एवढे ज्याचे काम, तो वाटाड्या. पुढे सडका झाल्या, मैलांचे दगड बसले, नकाशे छापले गेले, आणि हा माणूस वाटेवरून हळूहळू बाजूला झाला. गेल्या काही वर्षांत त्याचे काम एका यंत्राने निराळ्या रूपात उचलले आहे. प्रवासी मोटारीत बसलेले असतात. त्यांच्या समोर एक लहानसा पडदा असतो. गाडी ठराविक जागी पोहोचली की कोणी कळ न दाबता त्या स्थळाची ध्वनिचित्रफीत पडद्यावर आपोआप सुरू होते. जागा मागे पडली की पडदा पुन्हा स्तब्ध होतो.

या यंत्राचा पूर्वेतिहास काय, आणि ते आपल्या परिचयाच्या एखाद्या वाटेवर बसवायचे झाले तर कशाकशाचा विचार करावा लागेल, हे आज पाहावयाचे आहे. वाट निवडली आहे ती मुक्ताईनगराहून निघून इच्छापूर, शाहपूर आणि तापीचा पूल ओलांडून बऱ्हाणपुरास व तेथून अशीरगडाकडे जाणारी. खानदेश आणि निमाड यांना जोडणारी ही वाट जुनी आहे. तिच्यावर सांगण्यासारखे फार आहे, आणि पळत्या मोटारीतून दिसण्यासारखे त्या मानाने थोडे आहे.

जागा आली की यंत्राने आवाज द्यावा, ही कल्पना उपग्रहांच्या युगातली नव्हे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोममध्ये व्हिट्रुव्हियस नावाचा वास्तुविशारद होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात एका रथाचे वर्णन केले आहे. रथाच्या चाकाचा घेर साडेबारा फूट. चाकाचे चारशे फेरे झाले म्हणजे पाच हजार फूट, अर्थात रोमन मापाचा एक मैल पुरा होई. तेवढ्यात दातेरी चक्रांच्या योजनेने एक खडा सुटून खालच्या काशाच्या भांड्यात पडे व त्याचा नाद होई. प्रवाशाने न मोजता मैल मोजला जाई. चीनमध्येही अशीच एक गाडी होती. दर ली अंतराला तिच्यावरची लाकडी बाहुली नगाऱ्यावर टिपरी मारी. या दोन्ही गाड्यांना मार्गाची माहिती मुळीच नव्हती. किती चाललो, एवढेच त्या सांगत. कोठे आलो, हे ज्याचे त्याने जाणावयाचे.

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर गाडीवर न बसवता जमिनीत रोवण्यात आले. जहांगीर बादशहाने १६१९ मध्ये आग्रा ते लाहोर या हमरस्त्यावर दर कोसाला एक मिनार आणि दर तीन कोसांना एक विहीर करण्याची आज्ञा दिली. हे कोसमिनार उत्तरेत काही ठिकाणी अजून उभे आहेत. मिनार मुका असतो, पण तो जागेवरून हलत नाही. प्रवाशाचा वेग कमी असो वा अधिक, मिनार आपल्या ठिकाणीच भेटतो. रथाचा खडा आणि बादशहाचा मिनार, म्हणजे चालत्या चाकाचा हिशेब आणि अचल जागेची खूण, या दोन कल्पना पुढे एकत्र यावयाच्या होत्या. त्याला तीनशे वर्षे लागली.

दरम्यानच्या काळात वाट बोलत होती ती माणसाच्या तोंडाने. सर टॉमस रो हा इंग्रज वकील १६१५ मध्ये सुरतेहून निघून बऱ्हाणपुरास आला व शहाजादा परवेझ याला भेटला. पीटर मंडी १६३० च्या भीषण दुष्काळात याच शहरातून गेला. टॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या त्यानंतर येऊन गेला आणि येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते असे त्याने लिहून ठेवले. या मंडळींच्या वृत्तांतांत मुक्काम आणि कोस काळजीपूर्वक दिलेले आहेत. हे कोस त्यांनी स्वतः दोरी धरून मोजले नव्हते. गाडीवान, हमाल, गावकरी यांच्या तोंडून आलेली ती माहिती होती. ती कागदावर उतरली, आणि सांगणारा तेवढा बाहेर राहिला.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या सांगणाऱ्याची कथा अधिक स्पष्ट आहे. गावगाड्यात वाट दाखविण्याचे काम महार वतनदाराकडे असे. सरकारी कामाने आलेल्या माणसाला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचविणे, त्याचे ओझे वाहणे, टपाल व निरोप नेणे ही त्याची वतनी चाकरी होती. वेळी-अवेळी बोलावणे आले की त्याला उठावे लागे, आणि मोबदला म्हणून मिळे ती अपुरी इनाम जमीन व धान्याचा वाटा. गावाची शीव, पाणंद, उतार, खुणेची झाडे यांचे ज्ञान त्याच्याइतके कोणाला नव्हते. शिवेचा तंटा पडला म्हणजे त्याचीच साक्ष निर्णायक ठरे. तरीही त्याच्या ज्ञानाला सेवेपलीकडे मान नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, ते या वेठीतून माणसाला सोडविण्यासाठी. अखेर १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील ही कनिष्ठ वतने रद्द झाली. वाटाड्या वेठीतून सुटला हे योग्यच झाले. मात्र त्याला माहीत असलेली वाट कोणी लिहून घेतली नाही.

मोटार आली तेव्हा वाट सांगण्याचे काम पुन्हा चाकाकडे गेले. अमेरिकेत १९०९ मध्ये जोन्स नावाच्या गृहस्थाने एक तबकडी बाजारात आणली. तबकडीच्या कडेने मार्गाच्या सूचना छापलेल्या असत, आणि गाडीच्या चाकाला जोडलेल्या तारेच्या योगाने ती जसजशी फिरे तसतशी पुढची सूचना काट्याखाली येई. व्हिट्रुव्हियसच्या खड्याला येथे शब्द फुटले. दोष एकच, की चाक घसरले किंवा गाडीने एखादे वळण अधिक घेतले की सूचना आणि रस्ता यांची ताटातूट होई.

दुसरा धडा मिळाला तो एका वस्तुसंग्रहालयात. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ मध्ये प्रेक्षकांच्या कानाला लावावयाचे छोटे रेडिओ दिले. दालनातील प्रक्षेपकावर ध्वनिफीत लावली जाई आणि सर्वांना एकाच वेळी एकच माहिती ऐकू येई. आकाशवाणीवरील भाषण आपण ऐकतो तसाच हा प्रकार. त्यात अडचण अशी, की बोलणे घड्याळाप्रमाणे पुढे जाई आणि प्रेक्षकाला आपले पाऊल त्याच्याशी जुळवून घ्यावे लागे. एखाद्या चित्रापाशी कोणी रेंगाळला, तर कानात पुढच्या चित्राचे वर्णन सुरू होई. बोलणे काळाला न बांधता जागेला बांधले पाहिजे, ही गरज येथे उघड झाली.

जागेला चित्र बांधण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेने १९७८ च्या सुमारास ॲस्पेन या गावी केला. मोटारीच्या टपावर कॅमेरे बसवून गावातील रस्त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. गाडीमागे सायकलचे एक चाक जोडलेले होते, आणि ते चाक दर दहा फुटांना कॅमेऱ्यांना चाप ओढण्याची सूचना देई. ही चित्रे तबकडीवर भरली, आणि पडद्यापुढे बसलेला मनुष्य गावातून पाहिजे त्या दिशेला फिरू लागला. चित्र आणि जागा यांची सांगड पक्की झाली ती येथे.

त्याच वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, अमेरिकेने जीपीएस योजनेचा पहिला उपग्रह सोडला. भूपृष्ठापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह अचूक वेळेचा संदेश सतत पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती वेळात पोहोचले यावरून ग्राहकयंत्र आपले स्थान काढते. १९९५ मध्ये ही योजना पूर्णपणे कार्यान्वित झाली. तरी नागरी उपयोगासाठी मिळणारे स्थान मुद्दाम शंभर मीटरपर्यंत चुकीचे ठेवलेले असे. मे २००० मध्ये तो अडसर काढण्यात आला आणि जागेनुसार बोलणारे यंत्र सामान्य मोटारीच्या आवाक्यात आले. भारताने आपल्या स्वतंत्र योजनेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. २०१६ मध्ये या योजनेचे ‘नाविक’ असे नामकरण झाले. आज हातातल्या मोबाईललाही उघड्या आकाशाखाली आपली जागा काही मीटरांच्या फरकाने कळते. मुंबईच्या उपनगरी गाडीत ‘पुढील स्टेशन’ म्हणून मराठी, हिंदी आणि इंग्रजीत जी घोषणा होते, तिच्यामागे हेच तत्त्व आहे. चाकाचा हिशेब उरला नाही. जमिनीवर न रोवलेला, पण आकडे देऊन ठरविलेला कोसमिनार मात्र आला.

हा अदृश्य कोसमिनार शाहपूरच्या वाटेवर कसा रोवावा? पद्धत मुळात साधी आहे. स्थळाचे अक्षांश आणि रेखांश नोंदावे. त्या बिंदूभोवती ठराविक त्रिज्येचे वर्तुळ कल्पावे. त्या वर्तुळाला एक चित्रफीत जोडून द्यावी. गाडीतील यंत्र दर सेकंदाला आपले स्थान तपासते, आणि वर्तुळात शिरल्याचे दिसताच फीत सुरू करते. परंतु करावयास बसले की यातील प्रत्येक शब्द तपासावा लागतो.

प्रथम आकड्यांचे पाहू. शाहपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७६ अंश पूर्व रेखांशावर आहे. घाईत हे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले, तर आपले शाहपूर उत्तर ध्रुवाजवळच्या थंडगार समुद्रात जाऊन पडते, आणि खऱ्या शाहपुरात पडदा मुका राहतो. अंशाच्या दशांश चिन्हापुढे तीनच स्थळे लिहिली तर बिंदू शंभरेक मीटरांच्या टप्प्यांनीच सरकतो. चार लिहिली तर दहाएक मीटरांच्या. जुन्या मोजणीदाराने साखळी ओढताना जी दक्षता बाळगली, तीच येथे बाळगावयाची आहे.

मग वर्तुळाचा आकार. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. त्रिज्या दहाच मीटर ठेवली, तर एका तपासणीत गाडी वर्तुळाच्या अलीकडे आणि दुसरीत पलीकडे, असे होऊ शकेल. हमरस्त्यावर पन्नास ते शंभर मीटर त्रिज्या बरी. बऱ्हाणपूर शहरात मात्र एवढी मोठी वर्तुळे एकमेकांत शिरतील, आणि जामा मशिदीपाशी दोन फिती एकाच वेळी बोलू लागतील. तेथे त्रिज्या लहान हवी. एक फीत संपल्यावाचून दुसरी सुरू होऊ नये, असे बंधनही घालावे लागेल.

सर्वांत कठीण गोष्ट वेगाची. दीड मिनिटाची फीत संपेपर्यंत साठच्या वेगाने जाणारी गाडी दीड किलोमीटर पुढे गेलेली असते. पुढे केळीच्या घडांनी भरलेला ट्रॅक्टर आडवा आला आणि वेग पंधरावर उतरला, तर तेवढ्याच वेळात ती चारशे मीटरही सरकत नाही. मग ‘आता उजवीकडे पाहा’ हे वाक्य केव्हा यावे? यावर उपाय असा, की फितीचे दोन भाग करावेत. प्रस्तावना आधीच्या वर्तुळाला बांधावी, आणि ‘पाहा’ म्हणणारा छोटा भाग स्थळाजवळच्या वर्तुळाला. व्हिट्रुव्हियसचा खडा एकदाच वाजे, म्हणून तो कधी उशिरा पडला नाही. शब्दही तेवढा आटोपशीर असेल तर जागा चुकत नाही.

शिवाय दिशा आहे. मुक्ताईनगराहून येणाऱ्याला जे उजवीकडे, ते बऱ्हाणपुराहून परतणाऱ्याला डावीकडे. म्हणून गाडीचे तोंड कोणीकडे आहे हे पाहून निराळी फीत लावावी लागते. गाडी चहासाठी वर्तुळातच थांबली तर तीच फीत पुनःपुन्हा सुरू होऊ नये, याचीही तजवीज हवी. मोबाईलचे जाळे सर्वत्र सारखे मिळत नाही, तेव्हा सर्व फिती निघण्यापूर्वीच यंत्रात भरून ठेवाव्यात. पडदा चालकाच्या दृष्टीस पडता कामा नये. तो प्रवाशांसाठी आहे. आणि सर्व सिद्ध झाल्यावर दोन्ही दिशांनी, कमी आणि अधिक वेगाने, प्रत्यक्ष फेरी करून पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणू नये.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. पडद्यावर दाखवावयाचे काय, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. खिडकीतून जे दिसते तेच पडद्यावर दाखविणे व्यर्थ आहे. त्यामुळे प्रवासी खरी वास्तू सोडून तिची छाया पाहत बसेल. पडद्याने डोळ्यांना न दिसणारे दाखवावे. बऱ्हाणपूरच्या कुंडी भांडाऱ्याचेच उदाहरण घ्या. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांत अडवून शहरात आणण्यात आले. वरून पाहणाऱ्याला विहिरींसारखे ओळीने मांडलेले कठडे तेवढे दिसतात. खरी करामत जमिनीच्या पोटात आहे, आणि तेथे पडद्याचे काम आहे. तसेच जामा मशिदीतील लेखाचे. फारुकी राजाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कसे कळावे?

मराठी प्रवाशाला तर ही वाट आपल्याच इतिहासाची पाने उलगडून दाखवील. ज्याने १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने शिवाजी महाराजांकडून तेवीस किल्ले घेतले, तो मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये बऱ्हाणपुरास वारला. मोहना आणि तापी यांच्या संगमाजवळ त्याची छत्री आहे. १६८१ च्या जानेवारीअखेर, संभाजीराजांच्या राज्यारोहणाला पंधरवडाच लोटला असता, हंबीरराव मोहिते यांच्या फौजेने बऱ्हाणपूरच्या संपन्न पुऱ्यांवर अचानक धाड घातली. तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत १६३१ मध्ये मुमताजमहलला प्रथम दफन केले गेले, आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेण्यात आला. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हे शहर आणि अशीरगड मराठ्यांकडे आले. १८०३ मध्ये इंग्रजांनी ते शिंद्यांकडून जिंकले, आणि अशीरगडावर त्यांचा कायमचा ताबा १८१९ मध्ये बसला.

आणि शाहपूर? आतापर्यंतच्या यादीत शाहपूर कोठेच आले नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. फिती तयार करणारा ग्रंथ उघडतो, त्याला शहाजादे, राण्या, सेनापती सापडतात, आणि वर्तुळे त्यांच्या नावाने पडतात. शाहपूर गाडीच्या काचेतून केळीच्या बागा, दुकानांची रांग आणि नगर परिषदेची पाटी एवढेच होऊन मागे जाते. ग्रंथाची वर्तुळे संपतात तेथे हे गाव आहे. तथापि सांगण्यासारखे तेथे काहीच नाही असे नव्हे. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड मध्य प्रदेशात राहिला. पुढे २००३ मध्ये बऱ्हाणपूर हा खांडव्यापासून निराळा जिल्हा झाला. सरहद्द ठरली, पण तिच्यामुळे घरातली भाषा बदलली नाही, सोयरिकी थांबल्या नाहीत. उपग्रहाचे यंत्र इच्छापूरजवळची ही रेषा अचूक ओळखील. कोणी उत्साही योजक ती ओलांडताच मराठी फीत बंद करून हिंदी सुरू करण्याची योजनाही करील. शाहपूरच्या बाजारात मात्र दोन्ही भाषा एकाच गादीवर बसून व्यवहार करतात. तेथे भाषा निवडण्याचा अधिकार रेषेला न देता प्रवाशाला द्यावा, हेच उचित.

शाहपूरचे वर्तुळ कोणी भरावे, याचे उत्तरही तेथेच आहे. केळीचा बाग कोणत्या महिन्यात लावतात, पाणी पूर्वी कोठून येई आणि आता किती खोल गेले, पुलापूर्वी तापी कोठे उतरत असत, कोणत्या यात्रेला कोण कोठून येते, हे त्या गावच्या शेतकऱ्यांनी, मजुरांनी, म्हाताऱ्या बायांनी आपल्या तोंडाने सांगावे. ते त्यांच्याच आवाजात, त्यांच्या संमतीने, त्यांचे नाव देऊन फितीवर यावे आणि त्याचा मोबदला त्यांना मिळावा. ऐकीव गोष्ट आणि पुराव्याची गोष्ट यांतील भेदही फितीत स्वच्छ सांगितला जावा. कारण पडद्यावर आलेले प्रत्येक वाक्य प्रवाशाला सारखेच खरे वाटते.

पूर्वी वाटाड्याचे ज्ञान घेतले गेले, आणि त्याचे नाव व मोल बाजूला ठेवले गेले. टॅव्हर्निएच्या वहीत तसे झाले, आणि वतनाच्या व्यवस्थेत तर तो नियमच होता. नव्या यंत्राने तीच रीत पुढे चालवावी की ती मोडावी, हे उपग्रह ठरवीत नाहीत. वर्तुळ कोठे काढावयाचे आणि त्यात कोणाचा आवाज भरावयाचा, हे फेरी आखणारी माणसे ठरवितात. या वाटेवर पहिली फेरी ज्या दिवशी आखली जाईल, त्या दिवशी आखणाऱ्यांनी बऱ्हाणपूरच्या आधी शाहपुरात उतरावे आणि चार माणसांना विचारावे. वाट विचारण्याची आपली जुनी पद्धतही हीच आहे.